सरकारी द्रव्य, जुनें दप्तर आणि जाणता मार्गदर्शक

इ. स. २०२५ च्या अंदाजपत्रकांत केंद्र सरकारनें ‘ज्ञानभारतम्’ या नांवानें हस्तलिखितांची मोहीम जाहीर केली, आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व जतन करण्याचा संकल्प सोडला. २००३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय हस्तलिखित मोहिमेचें हें वाढलेलें रूप होय. द्रव्याची तरतूद झाली हें स्तुत्यच. परंतु रुमाल सोडणारा हात कोणाच्या नजरेखालीं चालावयाचा, हा प्रश्न द्रव्यानें सुटत नाहीं. त्यासाठीं आपल्याकडे एक बोलका पूर्वदाखला आहे. तो पेशवे दप्तराचा.

हें दप्तर मुंबई सरकारच्या ताब्यांत पुण्यास पडून होतें. १९२९ सालीं तें तपासून निवडक कागद छापण्याचें काम गोविंदराव सरदेसाई यांजकडे आलें, आणि त्यांच्या पाठीशीं जदुनाथ सरकार उभे राहिले. सरदेसाई विद्यापीठांतील अध्यापक नव्हते. बडोद्याची नोकरी संपवून कामशेतास राहिलेले, पासष्टीच्या घरांतले रियासतकार होते. तरीहि १९३० ते १९३४ या अवधींत ४५ खंड बाहेर पडले. हा झपाटा केवळ पगारी कारकुनांच्या बळावर येत नसतो.

या खंडांत दोष नाहींत असें नाहीं. विषयवार निवड करतांना पत्र आपल्या रुमालांतून सुटतें, आणि शेजारच्या कागदावरून त्याची मिति ठरविण्याची सोय नाहींशी होते. वगळलें काय, हेंहि वाचकास कळत नाहीं. पण त्याहून मोठा दोष योजनेचा. मोडी वाचण्यांत हयात घालविलेले संशोधक पुण्यांतच असतां ते या कामाबाहेर राहिले, आणि त्याचा सल बरींच वर्षें टिकला. दोन थोर मार्गदर्शक लाभले म्हणून काम झालें. मार्गदर्शनाची जागा दोघांपुरतीच ठेविली म्हणून तें वादांत सांपडलें. एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरीं घातलीच पाहिजे. या परंपरेंत तरुण संपादक तयार झाले. पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचा मराठे-निजाम संबंधांवरील खंड १९३७ मध्यें वि. गो. दिघे यांनीं सिद्ध केला, आणि १९४४ मध्यें पहिल्या बाजीरावावरील त्यांचा ग्रंथ निघाला. मार्गदर्शकाचें मोल ठरवावयाचें तें खंडांच्या संख्येबरोबरच अशा शिष्यांवरूनहि.

आतां ही कसोटी एका लहान गांवास लावून पाहूं. मालाडहून मार्व्यास येऊन तरीनें खाडी ओलांडली कीं मनोरी लागतें. गोराई, उत्तन, डोंगरी यांसह हा सारा पट्टा धारावी बेटाचा. हल्लींचा वाचक धारावी म्हणतांच माहीमजवळची दाट वस्ती समजतो. वसईच्या मोहिमेंतील धारावी ती नव्हे, ती या बेटावरची. अनोळखी नोंदकार या प्रसंगाचें पत्र बिनदिक्कत चुकीच्या स्थळाखालीं घालील, आणि एकदां सूचींत शिरलेली चूक पुढें पन्नास लेखांत जाईल. पुढें पाहतां, १७३७ पर्यंत साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल, त्यानंतर मराठ्यांचा, आणि १७७४ च्या अखेरीपासून इंग्रजांचा. येथील कोळ्याच्या किंवा ईस्ट इंडियन कुटुंबाच्या पेटींतून कागद निघालाच, तर तो पोर्तुगीज, मोडी मराठी किंवा इंग्रजी, तिन्हींपैकीं कोणताहि असूं शकेल. दोन्ही बाजूंचीं साधनें सारख्या अधिकारानें हाताळणारे पांडुरंग पिसुर्लेकर गोमंतकांत होऊन गेले. असा माणूस जाहिरात देऊन, पदवीचा दाखला पाहून मिळत नाहीं. तो शोधावा लागतो आणि त्याची मनधरणी करावी लागते.

याहून गंभीर अडचण व्याख्येची आहे. २००३ च्या मोहिमेनें हस्तलिखित कशास म्हणावें हें ठरवितांना किमान ७५ वर्षांच्या जुनेपणाची अट घातली, आणि फर्मानें, महसुली कागद व शिलालेख यांस ‘ऐतिहासिक नोंदी’ म्हणून बाजूस काढिलें. ही व्याख्या पोथीशाळेंत बसून केलेली दिसते. महाराष्ट्राचा इतिहास मुख्यतः ज्या कागदांत आहे, ते ताळेबंद, सनदा, कबुलायती, निवाडे, हे सारे तिच्या बाहेर पडतात. मनोरीच्या घरांतील जमिनीची सनद वाळवीच्या तोंडीं जाईल आणि त्याच फडताळांतील स्तोत्राची पोथी सरकारी खर्चानें जतन होईल. ही व्याख्या नव्या कामांत जशीच्या तशी उतरली, तर कितीहि द्रव्य ओतलें तरी साष्टीच्या हातीं थोडेंच लागेल. मसुदा करतेवेळीं मोडीचा एक जरी जाणता वाचक बैठकीस असता, तर ही गोष्ट पहिल्याच दिवशीं निघाली असती.

मार्गदर्शक नेमावयाचा तो नोंदी झाल्यावर सही करण्यासाठीं नव्हे, नियम ठरण्यापूर्वीं. त्यास मानधन द्यावें व सूचीवर त्याचें नांव छापावें. प्रत्येक तालुक्यास मोडी वाचणारा एक, साष्टी-वसईस त्याच्या जोडीला पोर्तुगीज जाणणारा एक, आणि गांवांतील स्थळनामें सांगणारा एक वयस्क गृहस्थ, इतकी सोय करण्यास फार खर्च लागणार नाहीं. आणि रुमाल ज्या क्रमानें सांपडला त्याच क्रमानें त्याची नोंद व्हावी. सरदेसायांच्या खंडांनीं ही उणीव आपणांस पुरेशी दाखविली आहे.