सोंगाड्याची प्रतिष्ठा : नारायणगावचा तमाशा आणि मराठी चित्रपट

विनोदी नट गंभीर भूमिकेत यशस्वी झाला म्हणजे त्याच्याविषयीच्या लेखनाचा सूर एकाएकी बदलतो. आजवर त्याच्या करमणुकीच्या गुणाचे कौतुक झालेले असते. आता त्याला ‘अभिनेता’ ही पदवी मिळते. या गौरवामागे एक गृहीत दडलेले असते. विनोद ही अभिनयाची खालची पायरी असून गांभीर्य ही वरची, आणि नटाने पहिली सोडल्यावाचून त्याला दुसरी गाठता येत नाही, हे ते गृहीत होय. मराठी चित्रपटाच्या बाबतीत त्याची परीक्षा करावयाची झाल्यास तिचा प्रारंभ मुंबई-कोल्हापूरच्या चित्रशाळांपासून करण्यापेक्षा जुन्नर तालुक्यातील नारायणगावापासून करणे अधिक सयुक्तिक ठरेल. कारण मराठी पडद्यावरील विनोदाचा एक मोठा प्रवाह तमाशाच्या बोर्डावरून आलेला आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगाव ‘तमाशाची पंढरी’ म्हणून ओळखले जाते. चैत्र-वैशाखातील यात्रांचा हंगाम जवळ आला, की तेथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर व त्याहूनही दूरच्या गावांचे पंच तेथे येऊन आपापल्या यात्रेच्या सुपाऱ्या ठरवितात. भाऊ-बापू नारायणगावकरांचा फड आणि पुढे विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांची कीर्ती यांमुळे या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा तमाशाचा परंपरागत क्रम. गणाचा अपवाद सोडला, तर या क्रमातील बहुतेक प्रत्येक अंगात सोंगाड्याचा संचार असतो. गौळणीत तो पेंद्या होतो, बतावणीत सरदाराशी शब्दांची झुंज घेतो आणि वगात राजाचा नोकर, हवालदार किंवा गावचा एखादा इरसाल इसम बनून कथेत शिरतो.

वगातील त्याचे स्थान विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. राजा, प्रधान, राणी ही पात्रे कथानकाने बांधलेली असतात; सोंगाड्या मात्र कथेत राहून कथेबाहेर पाहू शकतो. प्राचीन काळच्या राजाला तो आजच्या ग्रामपंचायतीचा दाखला देतो आणि समोर बसलेल्या पाटलाला त्याच्याच भाषेत टोला लगावतो. त्याचे संवाद बहुधा लिहिलेले नसतात. प्रेक्षकांचा कल ओळखणे, सहकाऱ्याच्या वाक्याची नस अचूक पकडणे, नेमक्या क्षणी थांबणे व हशा ओसरण्याआधी पुढचे वाक्य न बोलणे, हे त्याचे शास्त्र. अन्यायाची जी गोष्ट गंभीर पात्राला उच्चारता येत नाही ती सोंगाड्या हसत हसत बोलून जातो. तात्पर्य, या परंपरेत हास्य हे गांभीर्याच्या विरुद्ध टोकाला नाही. ते गांभीर्याचे वाहन आहे. म्हणूनच सोंगाड्याला तमाशात दुय्यम मानले गेले नाही. सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे बंधू स्वतः सोंगाडेच होते आणि फड त्यांच्याच नावाने चालत असे. मावळातील इंदोरीचे दादू इंदुरीकर यांचे नाव ‘गाढवाचं लग्न’ या वगातील सावळ्या कुंभाराशी एकरूप झाले. त्या भूमिकेत कारुण्य वेगळे दाखवावे लागत नाही. ते कुंभाराच्या बोलण्यातच मुरलेले असते.

मग विनोदाला खालची पायरी कोणी ठरविले? याचे एक उत्तर नाट्यशास्त्रातच सापडते. भरताने हास्याला आठ रसांत स्थान दिले; परंतु हसण्याचे सहा प्रकार सांगताना त्यांची वाटणी पात्रांच्या दर्जानुसार केली. मंद स्मित हे उत्तम प्रकृतीचे, तर मोठ्याने खदखदून हसणे हे अधम प्रकृतीचे. हसण्याच्या आवाजावरून माणसाची पायरी ठरविण्याची ही दृष्टी पुढेही टिकून राहिली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर काही काळ बंदी घातली. ती उठली ती सुधारणेच्या अटीवर. त्यानंतर सुशिक्षितांनी लिहिलेले ‘लोकनाट्य’ पुढे आले. त्यात सोंगाडी कला होती; पण ज्या जातींनी ती पिढ्यान्‌पिढ्या जतन केली त्या जातींचे कलावंत तेथे क्वचितच होते. चित्रपटाने विनोदी नट उचलले ते मुख्यतः या लोकनाट्यातून. ‘विच्छा माझी पुरी करा’ गाजविणारे दादा कोंडके ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटाने लोकप्रियतेच्या शिखरावर गेले. सोंगाड्याच्या नावाला पडद्यावर असे वैभव प्राप्त झाले, तरी यात्रेतील फडाच्या सोंगाड्याला त्या वैभवाचा वाटा फारसा मिळाला नाही.

निळू फुले (१९३०–२००९) यांचे उदाहरण या संदर्भात सर्वांत उद्बोधक आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांना लोकप्रियता मिळवून दिली. ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटाने ते पडद्यावर आले. पुढे रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’ आणि चित्रपटात ‘सामना’ यांतील भूमिकांनी त्यांची गणना श्रेष्ठ नटांत होऊ लागली. हे परिवर्तन विनोदाचा त्याग करून झाले, असे सामान्यतः मानले जाते. भूमिकांकडे बारकाईने पाहिल्यास मात्र उलटच प्रत्यय येतो. ‘सामना’तील हिंदुराव धोंडे-पाटील हा साखर कारखान्याचा सत्ताधीश आवाज चढवून दहशत निर्माण करीत नाही. वाक्य अर्ध्यावर सोडणे, समोरच्याला बोलू देऊन त्याच्याकडे तिरके पाहणे, मग हलकेच शब्द टाकणे, ही सारी बतावणीची तंत्रे आहेत. तेथे त्यांनी हशा पिकविला; येथे त्यांनीच भय उत्पन्न केले. ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये तर सोंगाड्याचे स्थानच त्यांच्याकडे आले आहे. पत्रकार दिगू हा सत्तेच्या दरबारात वावरतो, परंतु त्या दरबाराचा होत नाही. तो सर्व पाहतो. चित्रपटाच्या शेवटी तो वेड्यासारखा हसू लागतो. मराठी चित्रपटातील अत्यंत गंभीर अशा या क्षणी नटाच्या हाती साधन आहे ते हास्याचेच.

‘सामना’ आणि ‘सिंहासन’ यांचे दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी पुढे हाच प्रश्न कथेचा विषय केला. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या ‘एक होता विदूषक’ (१९९२) या चित्रपटाचा नायक तमाशात वाढलेला, पुढे चित्रपटाचा लाडका नट बनलेला विनोदवीर आहे. या भूमिकेसाठी लक्ष्मीकांत बेर्डे यांची झालेली निवड अर्थपूर्ण होती. ‘टुरटुर’ या नाटकानंतर ‘धूमधडाका’ (१९८५), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांसारख्या चित्रपटांनी त्यांची एक ठरीव प्रतिमा तयार झाली होती. त्या प्रतिमेचे ओझे वाहणारा नट तसलेच ओझे वाहणाऱ्या पात्राची भूमिका करीत होता. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. परंतु हसण्याच्या अपेक्षेने येणाऱ्या प्रेक्षकाने त्याकडे पाठ फिरविली आणि बेर्डे यांना अशी दुसरी संधी क्वचितच लाभली. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या चित्रपटाचे महत्त्व मान्य करूनही त्याची एक मर्यादा सांगितली पाहिजे. विदूषकाची थोरवी त्याच्या अश्रूंत शोधण्याचा मोह त्यालाही पूर्णपणे आवरलेला नाही. बेर्डे यांचा अभिनय दुःखाच्या प्रसंगांत संयत आहे, यात शंका नाही. पण त्यांची खरी ताकद प्रकट होते ती फडावर उभे राहून बोलताना. तेथे शब्दफेकीचा वेग, शरीराची लवचीकता आणि मनातील पोकळी ही एकाच वेळी जाणवतात. समीक्षेने प्रशंसा केली ती मात्र मुख्यतः पहिल्या गोष्टीची.

ही प्रवृत्ती केवळ मराठी आहे, असे नव्हे. अमेरिकन विनोदवीर रॉबिन विल्यम्स यांना ऑस्कर मिळाले ते ‘गुड विल हंटिंग’ (१९९७) मधील गंभीर भूमिकेसाठी. दूरदर्शनवरचे चिमणराव आणि ‘हसवाफसवी’तील विविध सोंगे ज्यांनी अजरामर केली त्या दिलीप प्रभावळकरांना २००६ सालचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले ते ‘लगे रहो मुन्नाभाई’तील गांधीजी आणि ‘शेवरी’ यांसाठी. विनोदाला विनोद म्हणूनच मान मिळाल्याची उदाहरणेही अलीकडे दिसतात. अशोक सराफ यांना २०२३ सालचा ‘महाराष्ट्र भूषण’ आणि २०२५ मध्ये ‘पद्मश्री’ हे सन्मान मिळाले, ते मुख्यत्वे प्रेक्षकांना हसविण्यात गेलेल्या कारकीर्दीबद्दल होत. ‘आता तरी गंभीर भूमिका करा’ अशी अट या सन्मानांना नव्हती.

यावर असा आक्षेप घेता येईल, की प्रत्येक विनोदी नट गंभीर भूमिका पेलू शकत नाही. तेव्हा जो पेलतो त्याचा वेगळा गौरव का करू नये? आक्षेप वरकरणी योग्य आहे. परंतु प्रत्येक गंभीर नटाला विनोदही साधत नाही आणि तो साधला नाही म्हणून त्याची पायरी कोणी उतरवीत नाही. परीक्षा एकाच बाजूने घेतली जाते, हाच मुळी दोष आहे. निळू फुले यांच्या उदाहरणावरून एवढे तरी सिद्ध होते, की गंभीर भूमिकेतील सामर्थ्य विनोदाच्या तालमीतून येऊ शकते आणि त्या तालमीचा अभ्यास केल्यावाचून त्या भूमिकेचे मूल्यमापन अपुरे राहते.

तसा अभ्यास करावयाचा तर तो ग्रंथालयात पुरा होणार नाही. वगाच्या संहिता थोड्याफार छापल्या गेल्या. बतावणी मात्र सोंगाड्याच्या जिभेवर राहते आणि त्याच्याबरोबर जाते. जुन्नर-आंबेगावच्या यात्रांत उभ्या राहणाऱ्या फडांतील सोंगाड्यांची बतावणी त्यांच्या नावानिशी, प्रेक्षकांच्या प्रतिसादासह ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे नाट्यविषयक संशोधनाचे निकडीचे काम आहे. पडद्यावरील नटाला मिळालेल्या प्रतिष्ठेचे मूळ ज्या बोर्डावर आहे त्या बोर्डावरील नटाचे निदान नाव तरी त्यामुळे नोंदले जाईल.