संज्ञा आणि प्रसंग : शिरूर-दौंड परिसरातील ओव्यांच्या निमित्ताने

पुणे जिल्ह्यातील शिरूर ह्या गावास त्या परिसरात घोडनदी असेही नाव आहे. घोड नदीच्या काठी वसलेल्या गावाला नदीचेच नाव पडले, आणि ‘घोडनदीच्या बाजाराला जातो’ असे म्हणणाऱ्याच्या मनात पाण्याचा प्रवाह मुळीच नसतो. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला लक्षणेचे उदाहरण म्हणून गंगेवरील गवळवाडा पाठ असतो. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून मुख्यार्थाचा बाध होतो. सामीप्याच्या संबंधाने ‘तीर’ हा अर्थ घेतला जातो. आणि गंगेचे शैत्य व पावित्र्य त्या वस्तीस लाभले आहे हे सुचविणे, हे त्या प्रयोगाचे प्रयोजन ठरते. घोडनदीच्या बाबतीत पहिल्या दोन पायऱ्या अगदी तशाच आहेत. तिसरी मात्र नाही. गावाला नदीचे नाव देऊन कोणीही शैत्य वा पावित्र्य सुचवीत नाही. नाव रूढ झाले, एवढेच. म्हणजे रूढिलक्षणा आणि प्रयोजनवती लक्षणा ह्यांतील जो भेद परीक्षेपुरता घोकला जातो, तो शिरूरच्या बाजारात बसलेल्या माणसाच्या बोलण्यात हाताशी असतो.

हा भेद येथेच संपत नाही. शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांच्या दरम्यान काही अंतरापर्यंत भीमा हीच सीमा आहे. घोडेचे पाणी पोटात घेऊन पुढे गेलेली ही भीमा पंढरपुरी चंद्रकोरीसारखे वळण घेते आणि तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. हे नाव मुळात सादृश्यावर उभे आहे, पण आज ते विशेषनाम झाले आहे. कोशकाराच्या दृष्टीने ती रूढीच. तथापि यवत किंवा वरवंड येथे तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पाहून जात्यावर बसलेली स्त्री जेव्हा ‘चंद्रभागा’ हा शब्द उच्चारते, तेव्हा पावित्र्याचे प्रयोजन त्यात पुन्हा जिवंत झालेले असते. मग ही लक्षणा रूढ म्हणावी की प्रयोजनवती? केवळ शब्दाकडे पाहून ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कोण बोलते, कोणाला उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी, हे कळल्यावाचून संज्ञा लावता येत नाही.

जात्यावरच्या ओव्यांच्या अभ्यासात नेमक्या ह्याच गोष्टीची उपेक्षा होताना दिसते. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. शिरूर तालुक्यातील सविंदणे हे त्या गावांपैकी एक. सामग्रीची वाण आता उरलेली नाही. वाण आहे ती वाचनाच्या रीतीची. प्रबंधांतून बहुधा असे घडते की ओवी घ्यावी, तीत उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनागुणोक्ती शोधावी, प्रत्येकापुढे एकेक उदाहरण मांडावे आणि ‘अशिक्षित स्त्रियांच्या रचनेतही अलंकार विपुल आढळतात’ असा निष्कर्ष काढावा. ह्या निष्कर्षातील ‘ही’ हे अव्यय अभ्यासकाविषयीच अधिक सांगते.

चेतनागुणोक्तीचे पाहावे. शालेय व्याकरणांतून ही संज्ञा सर्वपरिचित आहे. प्राचीन आलंकारिकांच्या गणनेत मात्र ह्या नावाचा स्वतंत्र अलंकार नाही, आणि तिच्या क्षेत्रातील बराच भाग त्यांनी समासोक्तीत सामावला आहे. अचेतनावर चेतनाच्या गुणांचा आरोप, ही तिची व्याख्या. आरोप म्हटला की आरोप करणाऱ्याला वस्तू अचेतन आहे हे ठाऊक असले पाहिजे. जे आहे त्याविषयीची जाण आणि जे कल्पिले आहे त्याचा आनंद ह्या दोहोंच्या अंतरातच अलंकार जन्म घेतो. ओव्यांतून जात्याला ईश्वर म्हणून हाक मारण्याचा प्रघात महाराष्ट्रभर आहे. पण ज्या घरात लग्नकार्याच्या आरंभी जात्याची पूजा होते, हळद त्याच्यावर दळली जाते आणि त्याला पाय लागल्यास नमस्कार केला जातो, त्या घरातील स्त्री जात्याशी बोलते तेव्हा ती कसला आरोप करते? तिच्या दृष्टीने ते संबोधन आहे, कदाचित प्रार्थना आहे. तेथे चेतनागुणोक्ती पाहणे म्हणजे तिची श्रद्धा काढून घेऊन त्या जागी तिला कल्पकतेचे प्रशस्तिपत्र देणे होय. उलट, तीच स्त्री जात्याच्या जडपणाची तक्रार करू लागली, त्याला आळशी म्हणून त्याची थट्टा करू लागली, तर तेथे आरोप आहे आणि अलंकारही आहे. एकाच दगडाला उद्देशून, एकाच पहाटे ह्या दोन्ही गोष्टी घडू शकतात. भेद वस्तूत नाही, बोलणारीच्या भूमिकेत आहे.

माहेराच्या रूपकात हा गुंता अधिक खोल आहे. वारकरी संतांच्या अभंगांत पंढरी हे माहेर होय, आणि त्यातील उपमेय व उपमान ह्यांविषयी शंका राहत नाही: पंढरी प्रस्तुत, माहेर अप्रस्तुत. पुरुष संताने सासुरवास भोगलेला नसतो. माहेर हा त्याने स्त्रीच्या आयुष्यातून उसना घेतलेला अर्थ आहे. दळणारी स्त्री हाच शब्द योजते तेव्हा उसनवारी उलटते. ओव्यांतून विठ्ठल भाऊ होतो आणि भाऊ विठ्ठलासारखा भासतो. पंढरीची वाट माहेरची वाट होते आणि माहेरची वाट पंढरीची. वरवंडच्या बाजूस माहेर असलेल्या सासुरवाशिणीच्या बाबतीत तर ह्या दोन वाटा काही मजलांपुरत्या खरोखरच एक असतात! अशा वेळी उपमेय कोणते आणि उपमान कोणते, हे ठरविण्याचा हट्ट धरणारा अभ्यासक आपल्या सोयीने निर्णय देतो आणि त्या ओवीला ‘भक्तिपर’ किंवा ‘कौटुंबिक’ असे शीर्षक देऊन मोकळा होतो.

वस्तुतः ह्या स्थितीला जवळची संज्ञा शास्त्रात आहे. उपमेयोपमेत दोन पदार्थ परस्परांची उपमाने होतात आणि तिसरा सदृश पदार्थ जगात नाही, असे त्यातून सुचते. संस्कृत काव्यात हा अलंकार पुष्कळदा केवळ चातुर्याचा वाटतो. ओवीत ‘तिसरा नाही’ हा अर्थ फार कठोर होऊन येतो: जिला आपले म्हणावे अशी दोनच ठिकाणे आहेत, एक भाऊ आणि एक देव, आणि दोन्ही लांब आहेत. अर्थात उपमेयोपमा एका उक्तीत पुरी व्हावी लागते. ओव्यांत ती दोन, कधी चार ओव्यांत पसरते. ही अडचण खरी आहे. परंतु तिच्यावरून जे शिकावयाचे ते हे की, अशा गायनाचा घटक सुटी ओवी नसून त्या पहाटेचे सारे दळण आहे, आणि सुटी ओवी वेचून तीत अलंकार शोधणारा अभ्यासक वाक्यातील एक पद घेऊन वाक्यार्थ सांगू पाहतो.

शास्त्रावर मात्र येथे दोष ठेवता येणार नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने व्यंजनेचा विचार करताना वक्ता, ज्याला सांगावयाचे तो, काकू, प्रस्ताव, देश, काल इत्यादींच्या वैशिष्ट्याने अर्थ कसा प्रतीत होतो हे सांगितले आहे, आणि सूर्यास्त झाल्याचे सांगणारे एक साधे वाक्य निरनिराळ्या श्रोत्यांना किती वेगवेगळे अर्थ देते हेही दाखविले आहे. त्याच गणनेत ‘अन्यसंनिधी’ आहे, म्हणजे तिसऱ्या कोणाची तरी उपस्थिती. दळणाच्या ओवीला ही संज्ञा जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या रचनेला लागू पडत असेल. सून पहाटे दळीत असते. सासू पलीकडे जागी असते. ओवी भावाला उद्देशून असते. भावाच्या घरच्या मायेचे वर्णन भावाला ऐकू जाणार नाही, पण ते ऐकले जाते! ही अन्योक्ती म्हणता येत नाही, कारण अन्योक्तीत वरचा विषय केवळ निमित्त असतो. येथे भावाची आठवणही खरी आणि सासूला लागलेला शब्दही खरा. हा ध्वनी अन्यसंनिधीने सिद्ध होतो, आणि पाठ्यपुस्तकांतील अलंकारांच्या यादीत त्याला जागा नाही, म्हणून तो प्रबंधातही येत नाही.

छंदाविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर ह्याच्या 1129 मधील ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे, ‘ज्ञानेश्वरी’ 1290 मधील. ग्रंथातील ओवी हे प्रमाण मानून कंठातील ओवीचे चरण मोजणे कालक्रमालाही धरून नाही. छापील दोन ओळींची ओवी गाताना पुनरावृत्तीने आणि ‘बाई’, ‘ग’ अशा संबोधनांनी कितीतरी लांबते. छापण्यात गाळलेल्या ह्या भागालाच अनेकदा पुनरुक्तीचा दोष लावला जातो.

एक गोष्ट संकलकांच्या पिढीनंतर अधिकच ध्यानी घ्यावी लागते. ह्या ओव्या 1980 नंतरच्या दशकांत लिहून घेतल्या गेल्या आणि ध्वनिमुद्रित झाल्या, तेव्हा बहुतेक गावांत गिरणी आली होती आणि जाते कोपऱ्यात गेले होते. गाणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी तोवर स्वतःच सासवा झालेल्या होत्या; समोर ऐकण्यास बसलेली व्यक्ती घरातील नव्हती, वही घेऊन आलेली होती. भावाची ती ओवी शब्दशः तीच राहिली, परंतु ज्या तिसऱ्या माणसाच्या उपस्थितीने तिला धार येत असे, ते माणूस त्या खोलीत उरले नव्हते. संहितेच्या समासात त्याची नोंद कोठेही नाही, आणि ती ओवी वाचताना ते माणूस पुन्हा पलीकडच्या खोलीत जागे आहे असे धरूनच वाचावे लागते.