पाठमोरा गोवा

माझ्या मोबाईलमध्ये गोव्याचा एक फोटो आहे. शापोरा किल्ल्याची भिंत, पलीकडे उन्हात चमकणारा समुद्र आणि भिंतीवर कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेली मी. हा फोटो तुम्हीही पाहिलाय. बसलेलं माणूस तेवढं वेगळं असेल.

असं बसायला मला कुणी शिकवलं नव्हतं. खरं म्हणजे ‘दिल चाहता है’नं शिकवलं होतं. फरहान अख्तरचा हा सिनेमा २००१चा, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. मी तो पाहिला लातूरला, अकरावीत, हॉस्टेलच्या कॉटवर, मैत्रिणीच्या मोबाईलमध्ये. आकाश, समीर आणि सिद्धार्थ गाडी काढतात आणि गोव्याला जातात. किल्ल्याच्या भिंतीवर बसून समुद्राकडे बघत बोलतात. आम्हा हॉस्टेलच्या मुलींना त्यांच्या मैत्रीहून जास्त नवल वाटलं होतं ते एका गोष्टीचं. घरी कुणालाही न विचारता हे निघाले कसे?

हदगावच्या मुलीला गोव्याला जायचं तर विचारावं लागतं. मी चार वर्षं विचारत होते. शेवटी गेल्या डिसेंबरात परवानगी मिळाली, ती एका अटीवर. आई सोबत येणार. मैत्रिणींबरोबरचा गोवा बाजूला राहिला आणि मी आईबरोबर गेले. पणजीहून एका दिवसात उत्तर गोवा दाखवणारी बस धरली. आग्वाद, कळंगुट, शापोरा. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, फार तर पाऊण तास.

हे घरचं पुराण सांगतेय, कारण त्या एका दिवसामुळे मला दोन सिनेमे वेगळे दिसायला लागले. एक आधी सांगितला तो. दुसरा अविनाश अरुणचा ‘किल्ला’.

आधी आग्वादबद्दल. गाईडनं माइकवरून सांगितलं की इथं अमुक सिनेमाचं शूटिंग झालं, तमुक हिरो इथं उभा होता. सगळे त्या जागा शोधून फोटो काढायला लागले. आई मात्र किल्ल्याच्या मधोमध असलेल्या मोठ्या चौथऱ्याशी थांबली. “हे काय गं? एवढं मोठं, अन् खाली पोकळ दिसायलंय.”

ती पाण्याची टाकी होती. किल्ल्याचं नावच पाण्यावरून पडलंय. पोर्तुगीज भाषेत ‘आग्वा’ म्हणजे पाणी. १६१२ साली बांधून झालेल्या या किल्ल्यावर लांबून येणारी जहाजं गोडं पाणी भरून घ्यायची. टाकीत २३ लाखांहून जास्त गॅलन पाणी मावायचं, म्हणजे साधारण एक कोटी लिटर. हे वाचलं आणि मी एकदम लातूरला जाऊन पोचले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा मी तिथंच होते. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. आग्वादची टाकी भरायला तशा वीस गाड्या लागल्या असत्या. आई म्हणाली, “म्हणजे समुद्रावाल्याइलाबी पाणी साठवावं लागायचं का?” मराठवाड्याच्या माणसानं आग्वादला विचारावा असा याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही. बसमध्ये मात्र त्याला जागा नव्हती. शिट्टी वाजली.

त्याच किल्ल्याच्या खालच्या अंगाला तुरुंग आहे. तिथं आता संग्रहालय झालंय. पोर्तुगिजांनी १९४६ साली राममनोहर लोहियांना तिथं ठेवलं होतं, त्रिस्तांव ब्रागांझा कुन्यांनाही तिथंच. आमची बस तिकडे गेलीच नाही. गोव्याला १५ ऑगस्ट १९४७ चा दिवस मिळाला नाही, आणि हदगावलाही नाही. आम्ही निजामाच्या राज्यातून सुटलो १७ सप्टेंबर १९४८ ला, गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ ला. एवढं धाग्याचं नातं असूनही आम्हाला गोवा ओळखीचा होता तो फक्त शूटिंगच्या जागांवरून.

कळंगुटला तर गंमतच झाली. मी लाटांचे व्हिडिओ काढत होते. मागे वळून बघते तर आई गायब. ती सापडली रस्त्याच्या कडेला, सुकी मासळी विकणाऱ्या बाईशेजारी उकिडवी बसलेली. दोघींची भाषा धड जुळत नव्हती, पण बोलणं जोरात चाललं होतं. शेतकरी बाई जे विचारते तेच आईनं विचारलं होतं. “पावसाळ्यात काय करता मग?”

उत्तर असं मिळालं. पावसाळ्यात दोन महिने होड्या वर ओढलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. म्हणून उन्हाळ्यातच मासळी खारवून वाळवून ठेवायची. या बेगमीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. आईला लगेच कळलं. आम्ही उन्हाळ्यात कुरडया, सांडगे घालतो ते त्यासाठीच की. पंधरा मिनिटांत तिनं जो गोवा पाहिला, तो मला सिनेमे आणि शेकडो रीलनंतरही माहीत नव्हता. त्या सगळ्यांतला गोवा कायम उन्हातला. पाऊस आलाच तर तो गाण्यापुरता.

परत आल्यावर मी ‘किल्ला’ पुन्हा पाहिला. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं. गोष्ट साधी आहे. वडील गेलेत. सरकारी नोकरीतल्या आईची बदली कोकणात झाली, म्हणून अकरा वर्षांच्या चिन्मयला पुणं सोडावं लागतं. ही दोघं समुद्र बघायला आलेली नाहीत. समुद्र त्यांच्यावर येऊन पडलाय. आणि तो पावसाळ्यातला आहे, काळपट, ओला, अंगावर येणारा.

इथंही किल्ला आहे, मित्र आहेत, आणि किल्ल्यावर जाणंही आहे. पण ‘दिल चाहता है’मध्ये किल्ला मित्रांना जवळ आणतो, तर इथं भर पावसात चिन्मय किल्ल्यात एकटा मागे राहतो, मित्र निघून गेलेले असतात. भिंती तशाच, समुद्र तसाच. एका ठिकाणी त्यांच्यामुळे मैत्रीला पार्श्वभूमी मिळते, दुसऱ्या ठिकाणी त्या मुलाला आपलं इथं कुणी नाही हे कळतं. अमृता सुभाषची आई तर मला आता जास्तच उमगली. तिला ऑफिसातल्या दबावाला तोंड द्यायचंय आणि घरी येऊन पोराचा रुसवा काढायचाय. खिडकीबाहेरचा निसर्ग कितीही देखणा असला, तरी तिला त्याच्याकडे बघायची फुरसत नाही.

इथं ‘किल्ला’ थोर आणि ‘दिल चाहता है’ उथळ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ‘दिल चाहता है’ गोव्याबद्दलचा सिनेमा नाहीच, तो तीन मित्रांबद्दलचा आहे, आणि मैत्रीतला दुरावा त्यानं प्रामाणिकपणे दाखवलाय. गोव्यात राहणाऱ्या कुणाचं आयुष्य त्यात येत नाही ही त्याची मर्यादा आहे. पण तिचा साचा केला तो आपण. त्या भिंतीवर बसायचं कसं, हे उचललं. ते तिघं त्या भिंतीवर बसून काय बोलत होते, ते सोडून दिलं.

‘किल्ला’ही निर्दोष नाही. अविनाश अरुण स्वतः कॅमेरामन. त्याचा पाऊस कधीकधी इतका सुंदर होतो की चिन्मयचं दुःख बाजूला राहून आपण हिरव्या भिंतीच बघत बसतो. फ्रेम थांबवून वॉलपेपर करावा असं वाटायला लावणारी दृश्यं त्यातही आहेत. पण तो पुन्हा माणसांकडे वळतो. शेवटी पुन्हा बदली येते तेव्हा निसर्ग सुटतोय याचं काही वाटत नाही. वाईट वाटतं ते नुकतीच जमलेली माणसं सुटतायत याचं.

एका दिवसाच्या सहलीला नावं ठेवायची फॅशन आहे. बसनं फिरणारे ते ‘टुरिस्ट’, महिनाभर राहणारे ते ‘ट्रॅव्हलर’. पण महिनाभर राहायला रजा लागते, पैसा लागतो, आणि मुलगी असेल तर परवानगीही लागते. आईला आयुष्यात समुद्राचा एकच दिवस मिळाला. त्यात तिनं टाकी पाहिली, पुरुमेंत पाहिलं. म्हणजे दोष एका दिवसाचा नाही. काय बघायचं ते आधीच ठरवून गेलेल्या डोळ्यांचा आहे. सिनेमा ते ठरवून देऊ शकतो, आणि मोडूही शकतो. समीक्षा करताना मी आता एवढंच तपासते. हा सिनेमा पाहून त्या गावात उतरले, तर मला तिथल्या माणसाला एखादा प्रश्न विचारावासा वाटेल का?

शापोऱ्याला गुडघ्यांमुळे आई खालीच थांबली. मी वर गेले, एका अनोळखी मुलीला मोबाईल दिला आणि पाठ करून बसले. संध्याकाळी बसमध्ये आईला फोटो दाखवला. तिनं दोन बोटांनी तो मोठा केला, इकडंतिकडं सरकवला.

“नुसती पाठच दिसायली,” ती म्हणाली. “तोंड कुठंय तुझं?”