बारवांची वर्णने आणि नारूचा विसर

अलीकडे बारवांविषयी जे लेखन प्रसिद्ध होत आहे, त्याचे आम्ही स्वागतच करतो. राळेगणसिद्धीसारख्या अवर्षणाच्या गावी राहणारास जुन्या जलस्थानांविषयी आदर वाटणे स्वाभाविक होय. शिलालेखांचे वाचन, मोजमापे, देवकोष्ठांतील मूर्तींची ओळख हे सर्व उपयुक्तच आहे. तथापि या लेखनात एक मोठे न्यून राहते. पायऱ्यांचे सौंदर्य वर्णिले जाते. त्यांवरून पाण्यात उतरण्याचा परिणाम मात्र कोणी नोंदवीत नाही.

तो परिणाम म्हणजे नारू. भावप्रकाशात यासच 'स्नायुक' म्हटले आहे. रोग्याच्या पायावर फोड येऊन कृमी बाहेर डोकावे. दाह शमावा म्हणून तो पाय पाण्यात बुडवी. तत्क्षणी कृमीची असंख्य पिल्ले पाण्यात पडत व सूक्ष्म जलपिसवा ती गिळीत. ते पाणी पिणाराच्या अंगी सुमारे वर्षाने दोन हातांपर्यंत लांबीचा कृमी प्रकट होई. जलपिसवांचा हा संबंध रशियन शास्त्रज्ञ फेदचेंको यांनी 1870 मध्ये दाखविला. पुढे मुंबईत डॉ. तुरखुड यांनीही याविषयी प्रयोग केले.

या वर्षभराच्या अंतरामुळे साथीचा शोध घेणारास 'आज कोठले पाणी पितोस?' असे विचारून भागत नसे. 'गेल्या साली याच दिवसांत कोठले प्यालास?' असे विचारावे लागे. पोथीतील अपपाठाचे मूळ पुष्कळदा त्या पोथीत नसून तिच्या आदर्शप्रतीत असते, हे आमच्या वाचकांस सांगणे नको.

या रोगावर रामबाण औषध नव्हते, लसही नव्हती. 1983-84 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. गावोगाव रोगी हुडकणे, पाणी फडक्याने गाळावयास लावणे, जलपिसवा मारण्याचे औषध पाण्यात टाकणे, हातपंप बसविणे आणि पायऱ्यांच्या विहिरींत माणूस उतरणार नाही अशी तजवीज करणे, हेच तिचे उपाय होत. भारतातील शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये आढळला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

असे असता, बुजविलेल्या पायऱ्या दिसताच ग्रामस्थांच्या अनास्थेस दोष देणे हे साधार संशोधन नव्हे. काही ठिकाणी अनास्था असेलही. परंतु काही ठिकाणची ती भिंत हाच त्या मोहिमेचा पुरावा असणे संभवते. पायऱ्या केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून बंद झाल्या, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरातून व वृद्धांच्या तोंडून पडताळून मगच अभिप्राय द्यावा. संग्राहकांनीही जुन्या बाडांतील नारूवरील उपायांची पाने किरकोळ मानून बाजूस सारू नयेत.

रोग गेला आहे. पायऱ्या अवश्य मोकळ्या कराव्यात. मात्र त्या का बुजल्या होत्या, हे लिहून ठेवल्यावाचून पहिला दगड काढू नये, इतकीच आमची विनंती आहे.