घरगुती संगणकप्रणाली : सुरक्षा, साठवण व छायाचित्र-व्यवस्थापन यांच्या संदर्भात एक समीक्षा

शिक्षकाने, प्रयोगशाळा साहाय्यकाने किंवा दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने स्वतःची अडचण भागविण्यासाठी लिहिलेल्या छोट्या संगणकप्रणालींकडे समीक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. ‘चालते ना, मग झाले’ एवढ्याच निकषावर त्या स्वीकारल्या जातात. प्रणालीचा कर्ता निघून गेल्यावर आतील माहितीचे काय होते, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही.

महाराष्ट्रातील या परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे क्विक हील. कैलाश काटकर यांनी १९९० च्या सुमारास पुण्यात दुरुस्तीचे दुकान काढले. तेथे येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्यासाठी धाकटे बंधू संजय यांनी आज्ञावल्या लिहिल्या आणि त्यांतूनच पुढे डॉसवर चालणारे विषाणूरोधक उत्पादन आकारास आले. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. यशोगाथा म्हणून ही हकीकत वारंवार सांगितली जाते. त्यात मूळ मुद्दा निसटतो. विषाणूरोधक प्रणाली लिहून कधीच पूर्ण होत नाही. नव्या विषाणूंसाठी ती सतत अद्ययावत ठेवावी लागते. दुकानाची संस्था झाली, म्हणून हे काम चालू राहू शकले.

धाराशिव जिल्ह्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांना परिचित आहे ती या परंपरेची संस्था न झालेली बाजू. पेनड्राइव्हमधील सारे फोल्डर एकाएकी शॉर्टकट होऊन बसले, की प्राध्यापकांची पावले संगणक प्रयोगशाळेकडे वळत. मूळ फोल्डर नष्ट झालेले नसत. विषाणूने त्यांवर ‘लपलेले’ अशी खूण केलेली असे. ती खूण काढणारी एका ओळीची बॅच फाइल नोटपॅडमध्ये कोणालाही वाचता येते, सुधारता येते. याउलट फोल्डरला ‘कुलूप’ लावणाऱ्या कित्येक हौशी प्रणाली तीच खूण स्वतः करतात आणि वर पासवर्डची खिडकी ठेवतात. विषाणूची युक्ती आणि सुरक्षेची युक्ती एकच! प्रश्नपत्रिका अशा कुलपात ठेवणे म्हणजे दाराऐवजी पडदा लावणे होय.

छायाचित्रांची हानी सावकाश होते, म्हणून ती उशिरा कळते. तेरचे त्रिविक्रम मंदिर, तेथील लामतुरे संग्रहालयातील मृण्मूर्ती, नळदुर्गचा पाणी महाल यांच्या छायाचित्रांचे संशोधनमूल्य स्थळ, दिनांक व वर्णन यांच्या नोंदीवर अवलंबून असते. प्रणाली ही नोंद केवळ आपल्या डेटाबेसमध्ये ठेवत असेल, तर संगणक बदलताना चित्रे नव्या यंत्रावर येतात आणि नोंदी मागे राहतात. त्यात वर्णन युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये असेल, तर उरते ती निरर्थक चिन्हांची रांग. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाल्याने आणखी एक दोष उघड होतो. फोल्डरचे ‘उस्मानाबाद’ हे शीर्षक बदलणे क्षणाचे काम. परंतु जुना मार्ग धरून बसलेल्या प्रणालीला ते फोल्डर सापडत नाही आणि संग्रह हरवल्याचा भास होतो. वास्तविक दोन्ही नावे छायाचित्राच्याच नोंदीत राहिली पाहिजेत. जुन्या प्रबंधांतील संदर्भ जुन्या नावानेच दिलेले आहेत.

हा दोष घरगुतीपणाचा मानणे अन्यायाचे ठरेल. गूगलसारख्या कंपनीनेही पिकासा २०१६ मध्ये बंद केले. उलट फिल हार्वे या एका व्यक्तीने २००३ पासून उभारलेले एक्झिफटूल नोंद थेट छायाचित्राच्या फाइलमध्ये लिहिते, त्यामुळे ती इतर प्रणालींनाही वाचता येते.

साठवण कूटबद्ध करणारी ट्रूक्रिप्ट ही प्रणाली तिच्या अनामिक कर्त्यांनी मे २०१४ मध्ये अचानक थांबविली. मूळ आज्ञावली उपलब्ध असल्यामुळे तिच्यावर आधारलेली व्हेराक्रिप्ट टिकली आणि जुनी भांडारे पुढे अनेक वर्षे उघडता आली. महाविद्यालयात अशी प्रणाली लिहिणारा तरुण पुष्कळदा तासिका तत्त्वावरील शिक्षक असतो. सत्र संपते, त्याची नेमणूकही संपते, आणि मूळ आज्ञावली त्याच्याच पेनड्राइव्हमध्ये राहते.