समेविना ताल

शार्ङ्गदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबखात्याचा प्रमुख. तेराव्या शतकात देवगिरीला राहून त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यातल्या तालाध्यायात १२० देशी ताल नोंदवून ठेवले. त्यांतले बहुतेक पुढे प्रत्यक्ष गाण्याबजावण्यातून गेले आणि ग्रंथातच राहिले. सुमारे सातशे वर्षांनी त्यांना हात लावला तो पॅरिसमधल्या एका चर्चच्या ऑर्गनवादकाने.

ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) अकराव्या वर्षी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला, १९३१ साली त्रिनिते चर्चचा ऑर्गनवादक झाला आणि मरेपर्यंत त्याने ती जागा सोडली नाही. शार्ङ्गदेवाची यादी त्याला लाव्हिन्याकच्या संगीतकोशातल्या भारतावरच्या लेखात सापडली. म्हणजे गुरू नाही, हातावर ताल धरून शिकवणारे कोणी नाही. समोर फक्त द्रुत, लघू, गुरू, प्लुत या लांब्यांच्या खुणा. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ जण ‘हिंदू ताल वापरले’ एवढे सांगून पुढे जातात. देवगिरी ज्यांच्या भूगोलात आहे त्यांना असे पुढे जाता येणार नाही. त्याने नेमके काय घेतले आणि काय टाकले, हे आपण विचारायला हवे.

टाकले ते आवर्तन. आपल्याकडे ताल फिरून समेवर येतो आणि त्या येण्यावर ऐकणाऱ्याची मान हलते. मेसियाँच्या संगीतात ऐकू येणारी सम नाही. घेतल्या त्या लांब्या, आणि त्या जोडण्याची पद्धत. द्रुताला किंवा लघूला विराम लागला की तो निम्म्याने वाढतो, हे त्याने पाहिले आणि त्यातून सरळ चालीला मध्येच एखादी छोटी मात्रा चिकटवण्याची आपली रीत पक्की केली. ‘ढेंकी’ हा ताल गुरू, लघू, गुरू असा. उलटा वाचला तरी तोच. अशा उलटवता न येणाऱ्या लयींवर तो आयुष्यभर लुब्ध होता. तो श्रद्धाळू कॅथलिक होता. ज्याला पुढे-मागे नाही असा काळ त्याला शाश्वताच्या जवळचा वाटे.

१९४० साली तो जर्मनांच्या कैदेत सापडला. गेर्लिट्झच्या छावणीत त्याने ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ पुरी केली. १५ जानेवारी १९४१ रोजी आँरी आकोका (क्लॅरिनेट), जाँ ल बूलेर (व्हायोलिन), एतिएन पास्किए (चेलो) आणि पियानोवर स्वतः मेसियाँ, अशा चार कैद्यांनी ती तिथेच सादर केली. चेलोला तीनच तारा होत्या, श्रोते पाच हजार होते, असे मेसियाँ सांगे. पास्किएने ते खोडून काढले आहे. रचनेला या दंतकथेची गरजही नाही.

पहिला भाग जवळून ऐकावा. क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पक्ष्यांसारखे बोलत असतात. खाली पियानो १७ लांब्यांची एकच माळ पुन्हा पुन्हा वाजवतो. ती तीन देशी ताल एकापुढे एक ठेवून केली आहे: रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश. त्या माळेवर २९ स्वरसंघांचा दुसरा फेरा चाललेला असतो. १७ आणि २९, दोन्ही मूळ संख्या. दोन्ही फेरे एकत्र सुरुवातीला यायला ४९३ ठोके लागतील. भाग अडीच-तीन मिनिटांत, त्याच्या कितीतरी आधी संपतो. सम आहे, पण ती कोणाच्याही कानावर पडण्यापलीकडे आहे. तालाचा अभ्यास नसलेल्या माणसाने केलेली ही कल्पना मला अस्सल वाटते, कारण ती तालाची नक्कल करत नाही. आवर्तन पुरे न होणे हाच तिथे आशय आहे, आणि रचनेच्या नावाशी तो इमान राखतो.

हीच गोष्ट ‘तुरंगलीला’ सिंफनीबद्दल मला म्हणता येत नाही. नाव पुन्हा शार्ङ्गदेवाच्या यादीतले. दहा भाग, सव्वा तासाहून मोठी, अवाढव्य वाद्यवृंद, जोडीला पियानो आणि ओंद मार्तनो हे विजेवरचे वाद्य. २ डिसेंबर १९४९ रोजी बॉस्टनमध्ये लिओनर्ड बर्नस्टाइनने ती प्रथम सादर केली. तिच्यातला आनंद खरा आहे, सहावा भाग तर फारच सुंदर. पण तीन-चार लयींचे थर एकदम चालू लागले की कान त्यांतला एकही धरू शकत नाही. ते गणित स्वरलिपी वाचणाऱ्याला दिसते, सभागृहात बसलेल्याला नाही. चौकडीत चारच वाद्ये होती, म्हणून प्रत्येक लांबी ऐकू येत होती.

यातून त्याला बाहेर काढले पक्ष्यांनी. पहाटे वही घेऊन रानात बसायचे आणि ऐकले ते टिपायचे. १९५६ ते १९५८ मध्ये लिहिलेल्या ‘पक्ष्यांची सूची’ या १३ पियानोरचनांत मधली रचना अर्ध्या तासाची आहे. सोलोन्यमधल्या तळ्याकाठची मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे तीनपर्यंतची सारी हालचाल तिच्यात येते. इथे लांब्या कोशातून आलेल्या नाहीत. बेडूक, लव्हाळ्यातला पक्षी, मधली लांबलचक शांतता, प्रत्येकाची चाल वेगळी, आणि पियानोवादक इव्हॉन लोरिओच्या बोटांत ती सगळी उतरली. माझ्या मते मेसियाँचे सर्वांत पक्व लयकाम हेच.

बूलेझ, श्टोकहाउझेन, क्सेनाकिस, नंतर ग्रिझे आणि म्युराय, असे एकमेकांशी न पटणारे संगीतकार त्याच्या कॉन्झर्व्हेटरीतल्या वर्गातून बाहेर पडले. त्यांच्यावर युरोपात पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या वाट्याचे काम वेगळे आहे. चौकडीला चारच वादक लागतात, आणि मुंबईत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पहिल्या भागाआधी एखाद्या पखवाजियाने त्या १७ लांब्या हातावर मोजून दाखवाव्यात, मूळ रागवर्धन कसा धरला गेला असता ते वाजवून ऐकवावे आणि मग पियानोने सुरुवात करावी. मेसियाँने काय टाकले, हे ज्यांच्या कानात सम मुरली आहे त्यांना जितके कळेल तितके पॅरिसच्या श्रोत्यांना कळणे अवघड आहे. तो कार्यक्रम आपल्याकडेच व्हायला हवा.