बेस्कोवचे पास आणि बेस्कोवची यादी

सोव्हिएत फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते लेव याशिनचं. थोडं जास्त वाचणारे लोक वालेरी लोबानोव्स्कीपर्यंत जातात. कीवच्या संघाचा तो कोच, ज्याने सत्तरच्या दशकातच आकडेवारी आणि कॉम्प्युटर फुटबॉलमध्ये आणले. लोबानोव्स्कीवर लिहायला सोपं जातं, कारण त्याच्यात आजचा काळ दिसतो. त्याचा मॉस्कोतला प्रतिस्पर्धी कोन्स्तान्तिन बेस्कोव मात्र कुणाच्या फारसा खिजगणतीत नसतो. आणि कुणी लिहिलंच, तर एका ओळीत काम उरकतं: सुंदर खेळवणारा, पण नेहमी थोडक्यात हुकणारा.

ही ओळ मला पटत नाही. ती खोटी नाही, पण तिच्यात बेस्कोवबद्दल नको इतकी दया आहे. खाली मान घालून नशिबाचे फटके खाणाऱ्यांतला हा माणूस नव्हता. त्याची कारकीर्द नीट पाहिली तर तिच्यात एक विसंगती सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसते, आणि तिचा संबंध नशिबाशी कमी, त्याच्या स्वभावाशी आणि त्याच्या देशाशी जास्त आहे.

आधी खेळाडू बेस्कोव. जन्म १९२०, मॉस्को. दिनामो मॉस्कोचा आक्रमक. १९४५ आणि १९४९ साली या संघाने लीग जिंकली तेव्हा तो संघात होता. पण त्याची पिढी ओळखली जाते ती १९४५च्या नोव्हेंबरमधल्या ब्रिटन दौऱ्यामुळे. युद्ध संपून काही महिनेच झाले होते. दिनामोचा संघ लंडनला उतरला आणि पहिल्या सामन्याआधी चेल्सीच्या खेळाडूंच्या हातात फुलांचे गुच्छ दिले, तेव्हा त्या बिचाऱ्यांना गुच्छ धरून उभं कसं राहायचं तेच कळेना. चेल्सीशी ३-३, कार्डिफवर १०-१, आर्सेनलवर ४-३, रेंजर्सशी २-२. आर्सेनलचा सामना इतक्या दाट धुक्यात झाला की प्रेक्षकांना अर्धं मैदान दिसत नव्हतं. त्या धुक्यात बेस्कोवने एक गोल केला. जागा बदलत राहणं, चेंडू पायाशी न ठेवता लगेच पुढे देणं, हे दिनामोचं वैशिष्ट्य इंग्रजांना नवं होतं. कोच बेस्कोवचं सगळं फुटबॉल या दौऱ्यातल्या संघात बीजरूपात आहे असं मी मानतो.

दुसरा धडा त्याला १९५२ साली मिळाला. हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघ युगोस्लावियाशी ५-५ बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात १-३ हरला. तेव्हा स्टालिन आणि टिटो यांचं वाकडं होतं, त्यामुळे हा नुसता फुटबॉलमधला पराभव राहिला नाही. लष्कराचा संघ, म्हणजे देशातला सर्वांत बलाढ्य क्लब, चक्क बरखास्त करण्यात आला. काहींच्या क्रीडा-पदव्या काढून घेतल्या. बेस्कोव त्या ऑलिम्पिक संघात होता. हरलेल्या माणसाचं त्या देशात काय होतं, हे त्याने तिशीतच जवळून पाहिलं.

आणि मग १९६४. बेस्कोव राष्ट्रीय संघाचा कोच. आदल्या वर्षी त्याच्या संघाने इटलीला स्पर्धेबाहेर काढलं होतं. अंतिम सामना माद्रिदमध्ये, स्पेनशी, स्टँडमध्ये खुद्द फ्रँको. चार वर्षांपूर्वी याच फ्रँकोने आपला संघ मॉस्कोला पाठवायला नकार दिला होता. सहाव्या मिनिटाला स्पेनचा गोल, आठव्या मिनिटाला खुसाइनोवची बरोबरी, आणि ८४व्या मिनिटाला मार्सेलिनोचं हेडर. २-१. युरोपात दुसरा क्रमांक, आणि बेस्कोवची नोकरी गेली. फ्रँकोसमोर हरणं हा गुन्हा होता. तिथपर्यंत पोचणं कुणी मोजलंच नाही.

इथपर्यंतची गोष्ट वाचून आपण बेस्कोवच्या बाजूने होतो. मीही झालो होतो. पण पुढे वाचा.

१९७६ साली स्पार्ताक मॉस्को खालच्या श्रेणीत घसरला. स्पार्ताक म्हणजे सामान्य मॉस्कोकराचा क्लब. सैन्याचा नाही, पोलिसांचा नाही. त्याचा संस्थापक निकोलाय स्तारोस्तिन आणि त्याचे तिघे भाऊ १९४२ साली पकडले गेले आणि छळछावण्यांत वर्षानुवर्षं राहिले. दिनामो हा गुप्त पोलिसांच्या खात्याचा क्लब, आणि त्या खात्याचा प्रमुख बेरिया हा दिनामोचा कट्टर पाठीराखा. आता विचार करा: पडलेल्या स्पार्ताकला उभं करायला कुणाला बोलावलं गेलं? दिनामोच्या बेस्कोवला. छावणीतून परतलेला म्हातारा संस्थापक आणि दिनामोचा माणूस, एकाच क्लबमध्ये, एकाच बाकावर. यावर कादंबरी कशी झाली नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

पुढची बारा वर्षं हा बेस्कोवच्या कारकिर्दीचा गाभा आहे. एका हंगामात संघ परत वर आला आणि १९७९ साली विजेता झाला. खेळाडू कुठून आणले? कोस्त्रोमासारख्या लहान गावातल्या संघातून एकोणतिशीतला गिओर्गी यार्त्सेव. या वयात बाकीचे कोच खेळाडूला निरोप देतात. पुढच्याच वर्षी तो लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला. आस्त्राखानहून रिनात दासायेव, जो ऐंशीच्या दशकात जगातल्या उत्तम गोलरक्षकांत गणला गेला. सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कहून ओलेग रोमान्त्सेव. क्लबच्याच शाळेतून फ्योदोर चेरेन्कोव. माणूस पाहताक्षणी त्याच्यातला खेळाडू ओळखण्यात बेस्कोवचा हात धरणारा त्या देशात कुणी नव्हता.

आणि खेळ? रशियन फुटबॉलमध्ये ‘स्तेन्का’ असा शब्द आहे. शब्दशः भिंत. गल्लीत एकटं खेळताना आपण भिंतीवर चेंडू मारतो आणि पुढे पळून परतीचा चेंडू घेतो, तेच. फक्त भिंतीच्या जागी सोबती. बेस्कोवच्या स्पार्ताकमध्ये प्रत्येक जण दुसऱ्याची भिंत होता, आणि ती भिंतही पास देऊन लगेच जागा सोडायची. सप्टेंबर १९८२मध्ये त्यांनी लंडनला जाऊन आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर ५-२ हरवलं. या सामन्याच्या क्लिप्स यूट्यूबवर आहेत. चित्र पुसट आहे, पण एक गोष्ट लख्ख दिसते: पास देणारा खेळाडू मान वर करून बघत नाही. समोरचा कुठे असेल हे त्याला माहीत आहे. आर्सेनलच्या प्रेक्षकांनी पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या. सदतीस वर्षांपूर्वी धुक्यात गोल करणारा माणूस त्या दिवशी बाकावर बसून हे पाहत होता.

तीन आठवड्यांनी, २० ऑक्टोबरला, मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियममध्ये स्पार्ताकचा हार्लेमशी सामना झाला. कडाक्याची थंडी. सामना संपताना बाहेर पडण्याच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. अधिकृत आकडा ६६ मृत्यूंचा आहे, त्यांतले बहुतेक तरुण पोरं. वर्तमानपत्रात त्रोटक बातमी आली, आणि खरी हकीकत लोकांना १९८९पर्यंत वाचायला मिळाली नाही. स्पार्ताक पुढचे सामने खेळत राहिला. त्या वर्षांतल्या सुंदर पासेसचं कौतुक करताना हा जिना विसरून चालत नाही.

आता विसंगतीकडे येतो. बेस्कोवचं फुटबॉल खेळाडूकडून एकच गोष्ट मागतं: स्वतः विचार कर. चेंडू यायच्या आधी ठरव. पण हाच बेस्कोव मैदानाबाहेर खेळाडूंना एक शब्द बोलू द्यायचा नाही. खेळाडू त्याला ‘बारिन’ म्हणत. जुन्या रशियातला जमीनदार, आपल्याकडच्या भाषेत सरंजामदार साहेब. सामन्यानंतर तासन्‌तास चालणारी त्याची चिरफाड प्रसिद्ध होती. १९७० साली ताश्कंदला विजेतेपदाच्या निर्णायक सामन्यात त्याचा दिनामो ३-१ने पुढे असून ४-३ हरला, तेव्हापासून आपल्याच माणसांनी सामना विकल्याचा संशय त्याच्या मनातून गेला नाही. सोव्हिएत लीगचे रंग पाहता तो संशय निराधार होता असं म्हणवत नाही. पण कोचच्या डोळ्यात तो एकदा शिरला की मग प्रत्येक चुकलेला पास गद्दारी दिसू लागतो.

चेरेन्कोवचं प्रकरण मला सर्वांत जास्त खुपतं. १९८०च्या जूनमध्ये बेस्कोवच्या राष्ट्रीय संघाने ब्राझीलला माराकानावर २-१ हरवलं. सोव्हिएत संघाच्या दोन गोलांपैकी एक वीस वर्षांच्या चेरेन्कोवचा. दोन वर्षांनी स्पेनमधल्या विश्वचषकासाठी संघ निवडला गेला तेव्हा चेरेन्कोव त्यात नव्हता. त्या संघावर बेस्कोवबरोबर लोबानोव्स्की आणि आखालकात्सी असे तीन कोच लादले होते, म्हणजे स्वयंपाकघर एक आणि आचारी तीन. तरी प्रमुख बेस्कोवच होता, त्यामुळे जबाबदारी त्याचीच. त्याच्या शैलीचा जो सर्वांत शुद्ध नमुना, तोच त्याने घरी ठेवला. पुढे चेरेन्कोवला मानसिक आजाराने गाठलं. त्याचा संबंध या निर्णयाशी जोडणं अन्यायाचं होईल, मी जोडत नाही. पण हा खेळाडू कधीच विश्वचषक खेळला नाही, आणि पहिल्यांदा त्याला ज्याने वगळलं तो त्याला घडवणारा माणूस होता.

१९८० ते १९८५ या सहा हंगामांत स्पार्ताक पाच वेळा दुसरा आला. एकदा तिसरा. ‘थोडक्यात हुकणारा’ हे बिरुद इथून आलं. कीवकडे साधनं जास्त होती हे खरं. पण मला वाटतं, दमलेल्या संघाला शेवटच्या टप्प्यात जी ऊब लागते ती देणं बेस्कोवला जमत नव्हतं. बुद्धी होती, नजर होती. खांद्यावर हात नव्हता.

१९८७ साली पुन्हा विजेतेपद आलं. पुढच्या हंगामात संघ चौथा आला आणि बेस्कोवने काढून टाकायच्या खेळाडूंची लांबलचक यादी केली. यादी देऊन तो सुट्टीवर गेला. पण स्तारोस्तिनशी त्याचं अनेक वर्षं नीट बोलणंही नव्हतं, आणि या वेळी म्हाताऱ्याने खेळाडूंची बाजू घेतली. सुट्टी संपायच्या आत बेस्कोवच बाहेर होता. १९६४ साली क्रीडाखात्याच्या साहेबांनी त्याला जसं न विचारता काढलं, तसंच तो आपल्या माणसांना काढायला निघाला होता. तो त्या व्यवस्थेचा बळी होता, आणि तिचा हुशार विद्यार्थीही.

त्याच्या जागी रोमान्त्सेव आला, क्रास्नोयार्स्कहून आणलेला तोच बचावपटू. पहिल्याच वर्षी, १९८९ला, त्याने सोव्हिएत लीग जिंकली. नंतर रशियन लीग आठ वेळा. मधल्या १९९६च्या हंगामात कोच होता यार्त्सेव, आणि तेही विजेतेपद स्पार्ताकचंच. दोघेही बेस्कोवचे, त्याच ‘स्तेन्का’वर वाढलेले. गुरूला जे दोनदा मिळालं ते शिष्यांनी नऊ हंगाम घरी नेलं, सोव्हिएत काळातलं धरलं तर दहा.

बेस्कोव दिनामोकडे परतला. १९९५च्या जूनमध्ये रशियन चषकाच्या अंतिम सामन्यात गाठ व्होल्गोग्रादच्या रोतोरशी होती. एकही गोल झाला नाही. पेनल्टींवर दिनामो ८-७ने जिंकला. बेस्कोव चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याने क्लब सोडला, आणि मग कुठल्याच संघाच्या बाकावर बसला नाही.